रोल्स-रॉइस २०/२५ घाटात तापते, पाणी फेकते: काय तपासावे आणि कुठे थांबावे

लक्षणे आधी. यातली दोन-तीन जुळत असतील तरच पुढचे तपासण्यात अर्थ आहे.

सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने गाडी ठीक चालते, पण चढ लागला की दहा मिनिटांत पाण्याच्या तापमानाचा काटा ९० अंशांच्या पुढे जातो. चढ संपल्यावर लवकर खाली येत नाही. मिरवणुकीत किंवा रॅलीत रांगत चालताना तापते आणि मोकळा रस्ता मिळाला की निवते. इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी ओव्हरफ्लो नळीतून पाणी उसळते. बॉनेट उघडल्यावर मागच्या दोन सिलिंडरांपाशी धग जास्त लागते. रेडिएटरमधून काढलेले पाणी चहाच्या रंगाचे आणि तळाशी वाळूसारखे कण.

एक लक्षण मात्र या यादीत नाही. काटा ८० वर असताना गाडी झटके देत बंद पडत असेल आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, तर ते तापणे नव्हे. ते ऑटोव्हॅकमधले (टाकीतले पेट्रोल इंजिनच्या ओढीने वर खेचणारे भांडे) किंवा पेट्रोलच्या नळीतले पेट्रोल उकळून वाफ होणे आहे. त्या दुखण्यासाठी रेडिएटर उघडू नये.

ही गाडी मुळात तापरी नाही

हे पक्के डोक्यात ठेवल्याशिवाय तपासणी सरळ होत नाही. रोल्स-रॉइसच्या इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्याने १९२२ मध्ये 'ट्वेंटी' आणली तेव्हा सहा सिलिंडरचे इंजिन ३१२७ सीसीचे होते, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) साडेचार इंच. १९२९ मध्ये २०/२५ आली तेव्हा स्ट्रोक तोच ठेवून बोअर सव्वातीन इंच केला. क्षमता ३६६९ सीसी झाली, म्हणजे सुमारे १७ टक्के जास्त. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते) ४.६ पासून टप्प्याटप्प्याने ५.७५ पर्यंत चढवला. १९३६ च्या २५/३० मध्ये बोअर साडेतीन इंच करून ४२५७ सीसी गाठले, स्ट्रोक तेव्हाही साडेचारच. कारण साधे होते. गिऱ्हाईक चॅसिस (इंजिनासह नुसता सांगाडा) विकत घेऊन त्यावर कोचबिल्डरकडून बॉडी बांधून घेई, आणि त्या बॉड्या दरवर्षी जड होत गेल्या. ताकद वाढली तशी उष्णताही वाढली, आणि ती बाहेर टाकायची सोयही कारखान्याने सुधारत नेली. सुरुवातीच्या ट्वेंटीवर रेडिएटरपुढची आडवी शटर्स (हवा अडवणारी पाती) हाताने उघडायची होती. पुढे ती उभी झाली आणि १९३२ च्या सुमारास २०/२५ वर थर्मोस्टॅटने आपोआप उघडू लागली.

तेव्हा आज गाडी तापत असेल तर कारखान्याने दिलेली थंड करण्याची ताकद नव्वद वर्षांत कुठेतरी गळून गेली आहे. ती शोधून परत मिळवायची. रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक पंखा बांधून बिघाड झाकता येतो, पण ब्लॉकमधला गाळ तसाच राहतो आणि एक दिवस हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) तडा जातो. पंखा लावायचाच असेल तर खालची सगळी तपासणी झाल्यावर लावा.

१. गाडी खरोखर तापते का? (खर्च: एक थर्मामीटर)

डॅशवरचा काटा खोटे बोलू शकतो. स्वयंपाकघरात वापरतात तसला सळईचा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून पाहा. मुंबईत तो १०० च्या जवळ दाखवायला हवा. मग इंजिन गरम असताना रेडिएटरच्या वरच्या टाकीत सोडा आणि काट्याशी ताडून बघा. ७० ते ८५ या दरम्यान चालणारे इंजिन तापलेले नाही.

या गाडीच्या पाण्याला प्रेशर कॅप नाही, त्यामुळे उकळबिंदू उंचीप्रमाणे उतरतो, दर ३०० मीटरला साधारण एक अंश. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५-९६ लाच उकळते. मुंबईत ९५ ला निभावलेली गाडी तिथे पोचताना पाणी फेकेल.

इन्फ्रारेड बंदूक वापरत असाल तर चकचकीत रेडिएटरवर रोखू नका. चकाकणाऱ्या धातूवर ती कितीतरी कमी आकडा दाखवते. जिथे मोजायचे तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर रोखा.

२. पाण्याची पातळी आणि ओव्हरफ्लो (खर्च: शून्य)

टाकी तोंडापर्यंत भरली तर गरम झाल्यावर पाणी फुगून बाहेर पडणारच. ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारे द्रव्य) मिसळलेले पाणी आणखी फुगते. बरेच जण दर फेरीनंतर तोंडापर्यंत भरतात आणि दर फेरीत तेवढेच सांडते. एकदा भरून दोनदा चालवा, मधे काही घालू नका. पाणी एका पातळीवर स्थिरावले आणि तापमान ८५ च्या आत राहिले तर बिघाड नाहीच.

तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नका. ओतीव लोखंडाचे हेड तडकण्याचे हे सर्वात सोपे निमित्त आहे. गाडी सावलीत उभी करून निवू द्या, मग इंजिन मंद चालू ठेवून कोमट पाणी थोडे थोडे घाला.

३. बुडबुडे (खर्च: शून्य, आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी)

सकाळी गार इंजिन. रेडिएटरची टोपी उघडा, इंजिन सुरू करा, पहिल्या मिनिटभरात वरच्या टाकीत पाहा. पाणी अजून गार आहे, म्हणजे बुडबुडे आले तर ते वाफेचे नाहीत. दोन शक्यता उरतात. सिलिंडरमधला वायू गॅस्केटमधून किंवा हेडच्या तड्यातून पाण्यात येतोय, किंवा वॉटर पंप ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून) हवा ओढतोय.

वेगळे करायची रीत अशी: लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने एकेका प्लगचा ठिणगी-प्रवाह बॉडीला जोडून तो सिलिंडर बंद पाडा. एखादा सिलिंडर बंद केल्यावर बुडबुडे घटले तर दोष त्याच सिलिंडरपाशी आहे. कुठलाही बंद केला तरी फरक नाही आणि बुडबुडे फक्त वेग वाढवल्यावर वाढतात, तर पंप हवा ओढतोय.

सिलिंडरचा वायू निघाला तर इथेच थांबा. गाडी आणखी चालवू नका, थेट शेवटच्या भागावर या.

४. शटर्स (खर्च: पातळ तेलाचे चार थेंब)

शटर्स अर्धी उघडत असतील तर रेडिएटर कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही. सर्वात जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे पॉलिशचा वाळलेला थर. शटर चमकवताना पॉलिश वरच्या-खालच्या पिनांत जाते आणि सिमेंटसारखे घट्ट होते. केरोसिनने पिना धुवा, पातळ तेलाचा एकेक थेंब द्या. ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसते.

मग थर्मोस्टॅटपासून शटरकडे येणारा दुवा सोडवा आणि हाताने हलवा. सगळी पाती एका बोटाने, न अडखळता पूर्ण उघडायला हवीत. ती मोकळी असूनही गरम झाल्यावर उघडत नसतील तर थर्मोस्टॅट दमला आहे. चाचणी म्हणून पाती तारेने पूर्ण उघडी बांधा आणि नेहमीचा चढ चढून पाहा. तापमान उतरले तर कारण सापडले. आपल्याकडच्या हवेत नवा थर्मोस्टॅट मिळेपर्यंत शटर्स उघडी बांधून चालवण्यात तोटा नाही, फक्त गार इंजिन पहिली पाच-सहा मिनिटे जोरात पळवू नका.

५. पंखा, पट्टा आणि जाळीतला कचरा

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा. तेल लागलेला पट्टा घसरतो आणि रांगत चालताना पंखा नुसता फिरल्यासारखा दिसतो. जाळीतले किडे, गवत, धूळ इंजिनच्या बाजूने पुढे हवा मारून काढा. कंप्रेसरची नळी जाळीपासून एक फूट लांब ठेवा, जुनी मधमाशी-पोळ्यासारखी जाळी पातळ पत्र्याची असते.

रांगताना तापते आणि पळताना निवते, तर दोष बहुधा हवेचा. पळताना आणि चढावर तापते, तर दोष पाण्याचा किंवा जळणाचा. एवढा एक नियम निम्मी मेहनत वाचवतो.

६. इग्निशन मागे आहे का?

ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल एक्झॉस्टच्या वाटेवर जळते आणि ती उष्णता हेडमध्ये, म्हणजे पाण्यात शिरते. स्टिअरिंगवरचा इग्निशनचा लिव्हर पूर्ण पुढे असला तरी खाली डिस्ट्रिब्युटर पूर्ण पुढे सरकतोच असे नाही. मधे इतके सांधे आहेत की प्रत्येकात थोडी थोडी झीज धरली तरी शेवटी बरेच अंश हरवतात. एकाने लिव्हर हलवावा, दुसऱ्याने डिस्ट्रिब्युटर पाहावा. आतली केंद्रोत्सारी वजने गंजून अडकलेली असतात, तीही हाताने फिरवून पाहा, सोडल्यावर स्प्रिंगने परत यायला हवीत. पॉइंटचा गॅप आणि फ्लायव्हीलवरच्या खुणा आपल्या चॅसिस मालिकेच्या हँडबुकाप्रमाणेच जुळवा, कारण २०/२५ च्या उत्पादनकाळात आकडे बदलले आहेत.

७. मिश्रण पातळ झालेय

हे कारण अलीकडे वाढले आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. जुन्या पेट्रोलवर जुळवलेला कार्ब्युरेटर या इंधनावर सात-आठ टक्के पातळ चालतो. पातळ मिश्रण सावकाश जळते आणि इंजिन तापवते, विशेषतः चढावर.

बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगवर इग्निशनशेजारीच मिश्रणाचा लिव्हर आहे. चढावर तो जाड मिश्रणाकडे दोन खाचा सरकवा. ओढ सुधारली आणि काटा थांबला तर निदान झाले. कायमचा इलाज जेट जुळवणे हा आहे. इथेनॉलमुळे जुने रबर आणि कॉर्कचे फ्लोटही खराब होतात, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

८. ब्रेक धरून राहतायत का?

पाच किलोमीटर ब्रेक न लावता चालवा आणि चारही हबला हात लावा. एखादा चटका देत असेल तर इंजिन तो ब्रेक ओढत चालले आहे. यांत्रिक ब्रेक घट्ट जुळवायचा मोह होतो. चाक जॅकवर उचलून हाताने मोकळे फिरले पाहिजे.

९. होजपाइप आणि पंपाची ग्लँड

जुना होज बाहेरून उत्तम दिसतो आणि आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो. खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतो, पण फक्त वेगात, उभ्या गाडीत दिसत नाही. पाच वर्षांपेक्षा जुने होज न पाहता बदला, सगळ्या गाडीतला हा स्वस्तातला भाग आहे.

पंपाच्या ग्लँडमधून मिनिटाला दोन-चार थेंब गळणे चालते. नट पिळून पूर्ण कोरडी केली तर शाफ्टवर चर पडतो आणि मग ती कायमची गळते. पॅकिंग कडक झाले असेल तर ग्राफाइटची दोरी नवी भरा. ग्रीस-कप असेल तर पाण्यात न विरघळणारे ग्रीस, आणि तेही अर्धा आटा. गळती थांबवण्यासाठी कप भरभरून पिळला तर ग्रीस पाण्यात उतरते, रेडिएटरच्या आतल्या भिंतींवर थर धरते, आणि तो थर उष्णता अडवतो. टोपीखाली बोट फिरवल्यावर राखाडी लोणी लागले तर हेच झाले आहे.

१०. रेडिएटर

आता थोडे काम. खालचा होज सोडवा, रेडिएटरचे खालचे तोंड मोकळे ठेवा आणि वरून बागेचा पाइप पूर्ण सोडा. वरची टाकी भरून वाहता कामा नये. वाहिली तर आतल्या वाटा बुजल्या आहेत.

दुसरी चाचणी गरम इंजिनावर: वरच्या आणि खालच्या टाकीवर काळी टेप लावून फरक मोजा. १० ते १५ अंश फरक ठीक. २५ च्या पुढे गेला तर पाणी फार हळू वाहतेय, त्याला रेडिएटरमध्ये निवायला नको तितका वेळ मिळतोय. दोन्ही टाक्या तापलेल्या आणि फरक पाच-सहाच, तर हवा पुरत नाही, पुन्हा ४ आणि ५ पाहा.

थोडासा गाळ उलट्या दिशेने, खालून वर, मंद दाबाने पाणी सोडून निघतो. गॅरेजमधला 'ॲसिड वॉश' आणि कॉस्टिक सोडा दोन्ही टाळा. ॲसिड डाख खाते, कॉस्टिक ॲल्युमिनियम विरघळवते, आणि या इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर ॲल्युमिनियमचे भाग आहेत.

११. ब्लॉकमधला गाळ: बहुतेक गाड्यांचे खरे दुखणे

पंप पुढे, सहावा सिलिंडर सर्वात मागे. पाणी पुढून शिरते आणि मागे पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरतो, नदीचे पात्र रुंद झाले की गाळ बसतो तसा. ओतकामातली वाळू, लोखंडाचा गंज, बोअरवेलच्या पाण्यातले क्षार हे सगळे पाचव्या-सहाव्या सिलिंडरभोवती थरावर थर चढत राहते. तिथे पाणीच उरत नाही, चिखल उरतो. डॅशचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो. मागच्या सिलिंडरच्या भिंती किती तापल्यात हे तो सांगत नाही, म्हणून हा बिघाड वर्षानुवर्षे लपून राहतो आणि शेवटी मागच्या बाजूचा व्हॉल्व्ह जळतो किंवा हेड तडकते.

तीन खुणा.

पहिली: ब्लॉकचा निचरा-नळ उघडा. पाणी आलेच नाही तर नळ बिघडलेला नाही, आतून बुजला आहे. तार घालून ढोसल्यावर चॉकलेटी चिखल येतो.

दुसरी: पूर्ण रिकामी करून मोजून पाणी भरा. हँडबुकातल्या क्षमतेपेक्षा दीड-दोन लिटर कमी बसले, तर तेवढी जागा गाळाने खाल्ली.

तिसरी: गरम इंजिनावर ब्लॉकच्या बाजूने पहिल्यापासून सहाव्या सिलिंडरपर्यंत एकाच उंचीवर मोजत जा. ब्लॉकचा काळा रंग इन्फ्रारेडला चालतो. पुढे-मागे १५ अंशांहून जास्त तफावत असेल तर आणखी पुरावा नको.

रसायनाने हा गाळ निघत नाही. वरचा थर मऊ होतो, सुटतो आणि थेट रेडिएटरमध्ये जाऊन बसतो. चांगला रेडिएटर असा बरबाद झालेली गाडी दुप्पट खर्चात जाते. तो हातानेच काढावा लागतो: ब्लॉकच्या बाजूचे प्लग किंवा झाकणपट्ट्या उघडायच्या, वाकवलेल्या जाड तारेच्या आकड्यांनी खरवडायचे, पाण्याची धार मारायची, ओला व्हॅक्यूम लावायचा, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत पुन्हा पुन्हा. दोन दिवसांचे काम आहे. झाकणाचे छोटे स्क्रू गंजलेले असतात. आधी दोन दिवस रोज पेनिट्रेटिंग तेल सोडा आणि स्क्रू किंचित आत पिळून मग बाहेर फिरवा. तीन-चार स्क्रू तुटायला लागले तर हात आखडा, पुढचे मशीन शॉपचे काम.

बंद करताना नवे गॅस्केट, नवे स्क्रू, आणि पुन्हा पाणी भरण्याआधी एक स्वस्तातली गोष्ट: बायकांच्या नायलॉन स्टॉकिंगचा तुकडा पिशवीसारखा करून वरच्या होजमध्ये, रेडिएटरच्या तोंडावर बसवा आणि क्लिपने धरा. सुटलेला गाळ त्यात अडकतो. ५० किलोमीटरनंतर काढून धुवा, मग २०० नंतर. पिशवी भरली की तिनेच पाण्याची वाट अडते, म्हणून हा हिशेब चुकवू नका. ती कोरी निघाली की काढून टाका.

पुन्हा भरताना

नळाचे किंवा बोअरचे पाणी नको. डिस्टिल्ड पाणी आणि ॲल्युमिनियमलाही चालणारा गंजरोधक. महाराष्ट्रात पाणी सहसा गोठत नाही, त्यामुळे निम्मे ग्लायकॉल घालायची गरज नाही. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, २५ टक्के पुरे. जुन्या सिलिकेट प्रकारचे घ्या. नव्या गाड्यांसाठीची दीर्घायुषी सेंद्रिय आम्लाची कूलंट डाखाला आणि जुन्या पॅकिंगला मानवत नाहीत. दोन वर्षांनी बदला, गाडी चालली असो वा नसो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

गार इंजिनात सिलिंडरच्या वायूचे बुडबुडे, तेलात दुधी फेस, शेजारच्या दोन सिलिंडरांत कॉम्प्रेशन एकदम कमी. यातले एकही दिसले तर हेड उतरवावे लागणार. स्टड आणि हेड यांच्यामधला गंज हेडला धरून ठेवतो, आणि पटाशी घालून उचकटलेले हेड काचेसारखे तुटते. २०/२५ च्या हेडला व्हॉल्व्हच्या बैठकांमध्ये तडे जाणे नवे नाही. नवी हेड आता बनवून मिळतात, पण ब्लॉकला तडा गेला तर पर्याय थोडे. ओतीव लोखंडावर नेहमीचे वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगच्या तापाने शेजारी नवा तडा पडतो. धातूला थंड शिवण घालणारा कारागीर शोधा.

रेडिएटरची जाळी नवी बसवायची असेल तर आधी विचारा की मूळ कवच न कापता जाळी वेगळी काढता येते का, आणि तसे काम आधी केलेले दाखवा म्हणावे. बाहेरचे कवच हाताने डाखलेले असते, त्याच्या कडा सरळ दिसाव्यात म्हणून मुद्दाम किंचित फुगीर घडवलेल्या असतात, आणि एकदा बिघडलेले ते पुन्हा तसे होत नाही. मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या सभासदांना असे कारागीर माहीत असतात. आपल्या चॅसिसची मूळ नोंद हवी असेल तर इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे चॅसिस कार्डे आहेत. कॉम्प्रेशन किती होते आणि शटर्स कोणत्या प्रकारची होती हे चॅसिस क्रमांकावरून ठरवूनच सुटे भाग मागवा.